सीआरपी नॉर्मल आहे म्हणून हेपॅटायटिस सीचे उपचार लांबवू नका

पत्र

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझं वय ५२, आम्ही सांगली जिल्ह्यातले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा हेपॅटायटिस सीची, म्हणजे लिव्हरच्या विषाणूची, अँटिबॉडी पॉझिटिव्ह निघाली. १९९५ साली मुलीच्या वेळी सिझेरियननंतर मला रक्त चढवलं होतं, त्याशिवाय दुसरं कारण आठवत नाही. मुलाने घाबरून अख्खं बॉडी चेकअप करून घेतलं. लिव्हरचे एसजीपीटी ८१, एसजीओटी ६८, प्लेटलेट्स १ लाख ६० हजार, सूज दाखवणारी सीआरपी २ म्हणजे नॉर्मल, तशीच दुसरी तपासणी ईएसआर ४६, सांधेवाताचा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, लोहाचं फेरिटिन ४१०, थायरॉइडचा टीएसएच ६.१ पण टी-फोर किंचित जास्त, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी ६.९, व्हिटॅमिन डी १४.

सकाळी उठल्यावर हाताची बोटं आखडतात. सांधेवाताच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलंय, अजून सुरू केलेलं नाही. हेपॅटायटिसचं त्यांना सांगायचं राहून गेलं. साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सुरू झालंय. केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी घेते. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. पोटऱ्यांवर मधूनच लाल ठिपके उठतात. फेरिटिन वाढलंय म्हणून पालेभाज्या बंद केल्यात. ओळखीच्या एक डाएटच्या ताई म्हणतात, तुमचे हार्मोन बिघडलेत, आधी ‘इन्फ्लमेशन पॅनल’ म्हणजे सुजेच्या रक्ततपासण्यांचा संच करा आणि लिव्हर साफ करायचा काढा घ्या. आमच्या चुलत सासूबाईंनी २००९ मध्ये हेपॅटायटिसची इंजेक्शनं घेतली तेव्हा त्यांचं थायरॉइड बिघडलं ते आजतागायत. त्यामुळे घरचे म्हणतात, सीआरपी नॉर्मल आहे म्हणजे आत सूज नाही, मग कशाला घाई? आधी हार्मोन ताळ्यावर आणावेत की लिव्हर? पाळी गेल्यावर लिव्हर लवकर खराब होतं असं वाचलं, मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या घ्याव्यात का?

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी ते मेथोट्रेक्सेट. ती चिठ्ठी कपाटात ठेवून द्या आणि गोळी सुरू करू नका. ज्या डॉक्टरांनी ती लिहिली त्यांना फोन करून सांगा, ‘माझी हेपॅटायटिस सीची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहे.’ हे कळलं की तेही बहुधा हेच म्हणतील. मेथोट्रेक्सेटचा यकृतावर ताण येतो आणि आधीच आजारी असलेल्या यकृताला त्याचा त्रास होऊ शकतो. त्यांच्यापुढे दुखणारी बोटं आणि पॉझिटिव्ह आरए फॅक्टर एवढंच आलं होतं, तेवढ्यावरून कुणीही सांधेवाताकडेच गेलं असतं.

आता या आरए फॅक्टरची गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमच्या बाकीच्या आकड्यांची किल्लीही तिथेच आहे. हेपॅटायटिस सीचा विषाणू वर्षानुवर्षं अंगात राहतो. त्याच्याशी लढता लढता शरीरातल्या प्रतिपिंडं म्हणजेच अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशी सतत चेतवल्या जातात आणि नको ती प्रतिपिंडंही बनवू लागतात. आरए फॅक्टर हे त्यातलंच एक. त्यामुळे सांधेवात नसतानाही हेपॅटायटिस सीच्या कितीतरी रुग्णांत तो पॉझिटिव्ह येतो. खरा सांधेवात आहे की नाही हे पाहायला अँटी-सीसीपी नावाची तपासणी जास्त उपयोगी पडते. विषाणूमुळे दुखणाऱ्या सांध्यांत ती सहसा निगेटिव्ह असते आणि एक्स-रेमध्ये हाडं झिजलेली दिसत नाहीत. ती करून घ्या. निगेटिव्ह आली तर सांध्यांचं औषध म्हणजे विषाणूचं औषध, असंच बहुतेक वेळा निघतं. पॉझिटिव्ह आली तर सांधेवाताचे आणि यकृताचे डॉक्टर एकमेकांशी बोलून औषध ठरवतील. तोवर दुखणं असह्य झालं तर पॅरासिटामॉल घ्या, दिवसभरात २ ग्रॅमच्या आत. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे मेडिकलमधून परस्पर आणून खाऊ नका.

पोटऱ्यांवरच्या लाल ठिपक्यांचा तुम्ही एका ओळीत उल्लेख केलात, मला मात्र ते महत्त्वाचे वाटतात. ते पुन्हा उठले की उजेडात बसून बघा. स्वच्छ काचेचा पेला ठिपक्यावर दाबून धरा. दाबल्यावर ठिपका फिका पडतो की तसाच राहतो? बोट फिरवलं तर किंचित उंचवटा लागतो का? तसाच राहिला आणि हाताला लागला, तर तो त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आलेल्या सुजेमुळे असू शकतो. या आजारात रक्तात क्रायोग्लोब्युलिन नावाची प्रथिनं तयार होतात. थंडीत ती गोठतात, गरम झालं की पुन्हा विरघळतात. सी हेपॅटायटिसच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात ती सापडतात, पण त्रास त्यातल्या थोड्यांनाच होतो. ज्यांना होतो त्यांना पायांवर पुरळ, सांधेदुखी, थकवा आणि कधी हातापायांना मुंग्या येतात. तुमच्या तक्रारी या यादीशी फार जुळतात. अशा वेळी मूत्रपिंडालाही धक्का लागू शकतो, म्हणून लघवीची साधी तपासणी करून त्यात प्रथिनं किंवा रक्त जातंय का ते पाहा, सोबत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि सी-४ (प्रतिकारयंत्रणेतलं एक प्रथिन). क्रायोग्लोब्युलिनची तपासणी करायची असेल तर नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत शरीराच्या तापमानाला ठेवावा लागतो. वाटेत थंड झाला तर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो, म्हणून हे ज्यांना माहीत आहे अशा मोठ्या रुग्णालयातच ती करा. ठिपक्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, डॉक्टरांकडे जायच्या दिवशी ते नेमके नाहीसे झालेले असतात.

आता घरच्यांचा सीआरपीचा मुद्दा. ‘सीआरपी नॉर्मल म्हणजे आत सूज नाही’ हे वाक्य मला फार वेळा ऐकायला मिळतं आणि या आजारात ते लागू पडत नाही. सीआरपी यकृतातच तयार होतो. शरीरात कुठे जिवाणूंचा संसर्ग झाला, न्यूमोनिया झाला, गळू झालं, की इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप यकृताला जातो आणि यकृत भराभर सीआरपी रक्तात सोडतं. विषाणूच्या संसर्गात हा निरोप तितक्या जोरात जात नाही. त्यामुळे हेपॅटायटिस सीमध्ये वीस वर्षं यकृताच्या पेशी मरत असल्या, त्या जागी वण धरत असला, तरी सीआरपी २ किंवा ३ च दाखवतो. एसजीपीटीचीही थोडी तीच गत आहे. यकृताला इजा होत असतानाही बऱ्याच रुग्णांत तो नॉर्मल येत राहतो. तुमचा वाढलेला आहे म्हणून निदान घरच्यांचं लक्ष तरी गेलं.

उलट तुमचा ईएसआर ४६ आहे त्याने घाबरून जाऊ नका. प्रतिपिंडं वाढली की रक्तातली ग्लोब्युलिन वाढतात आणि ईएसआर आपोआप चढतो. हिमोग्लोबिन कमी असेल तरी चढतो. त्यावरून यकृताची अवस्था कळत नाही.

फेरिटिनचंही तसंच. फेरिटिन लोह साठवून ठेवणारं प्रथिन आहे, त्याचा मोठा साठा यकृताच्या पेशींत असतो. पेशी फुटल्या की ते रक्तात येतं, आणि दाह असला की शरीर ते जास्त बनवतंही. त्यामुळे ४१० या आकड्यावरून अंगात लोह जास्त झालंय असं म्हणता येत नाही. लोह खरंच जास्त आहे का हे ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन सांगतं. ते ४५ टक्क्यांच्या वर असेल तर पुढे विचार करू. तोवर मेथी, चाकवत, शेपू, जे बंद केलंय ते आजच पुन्हा ताटात घ्या. लोहाच्या गोळ्या मात्र कुणी सांगितल्याशिवाय घेऊ नका. आणि काविळीच्या रुग्णासारखं फिक्या वरणभातावर राहू नका. यकृताला भरून यायला प्रथिनं लागतात. डाळी, दही, खात असाल तर अंडी, मासे, सगळं खा. दारूचा प्रश्न येत असेल तर ती पूर्ण बंद, एक थेंबही नको.

‘इन्फ्लमेशन पॅनल’बद्दल माझं मत ठाम आहे, त्यावर पैसे घालवू नका. इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा हे दाहाचे निरोप देणारे पदार्थ खरे आहेत. यकृतात काय चाललंय हे संशोधकांना त्यावरूनच उमगलं. आयपी-१० नावाचा असाच एक पदार्थ आहे, तो आधीच फार वाढलेला असेल तर जुन्या इंटरफेरॉन इंजेक्शनांचा गुण कमी येतो असं दिसून आलं होतं, आणि त्या काळात त्याला थोडा अर्थ होता. आताच्या गोळ्यांना तो प्रश्नच उरलेला नाही. हे आकडे दिवसभरात खालीवर होतात, सर्दीपडशानेही बदलतात, आणि त्यावरून तुमची एक गोळीही वाढणार किंवा कमी होणार नाही.

काढ्याबद्दलही स्पष्ट सांगते. कोविडच्या काळात प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून लोकांनी गुळवेल भरमसाट घेतली आणि त्यातल्या काहींच्या यकृताला इजा झाली. मुंबईतल्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले आहेत. तुमच्या यकृताला आत्ता कुठलंही अनोळखी मिश्रण नको, मग ते कितीही ‘नैसर्गिक’ असो.

मग यकृताची खरी अवस्था कशावरून कळेल? तुमच्याच रिपोर्टातल्या तीन आकड्यांवरून पहिला अंदाज घेता येतो. त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, म्हणजे ५२ गुणिले ६८, आले ३,५३६. प्लेटलेट्स हजारांत १६०, त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. ८१ चं वर्गमूळ ९, म्हणजे १,४४०. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की साधारण २.४६. हा आकडा १.४५ च्या खाली असला तर यकृतात फारसा वण नाही असं धरतात, ३.२५ च्या वर असला तर बराच वण असण्याची शक्यता. तुमचा मध्ये येतो, म्हणून यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करावा लागेल. निदान तीन तास काही न खाता तो करायचा. सोनोग्राफीसारखाच असतो, दुखत नाही. हेपॅटायटिस सीमध्ये साधारण १२.५ किलोपास्कलच्या पुढे आकडा गेला की सिऱ्हॉसिस, म्हणजे वणांनी यकृत कडक झालंय, असं धरतात. यकृताला सूज असली की हा आकडा थोडा फुगून येतो, म्हणून एका वाचनावर छाती दडपून घेऊ नका.

त्याच्याही आधी एक तपासणी हवी, जी तुमच्या एवढ्या लांबलचक चेकअपमध्ये नाही. एचसीव्ही आरएनए, म्हणजे रक्तात प्रत्यक्ष हा विषाणू शोधणारी तपासणी. अँटिबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी अंगात आला होता. तो आत्ता आहे का हे फक्त आरएनए सांगतं. काहींच्या शरीरातून तो सुरुवातीच्या महिन्यांतच आपोआप निघून जातो, आणि अँटिबॉडी मात्र आयुष्यभर राहते. तुमचे बाकीचे आकडे पाहता तो असावा असंच मला वाटतं, पण औषध सुरू करण्यापूर्वी हा पुरावा हातात हवाच.

आता हार्मोन. ‘आधी हार्मोन की आधी लिव्हर’ असं तुम्ही विचारलंत. तुमच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. हार्मोन बनतात दुसरीकडे, पण त्यांना रक्तातून वाहून नेणारी प्रथिनं यकृतात बनतात, काही हार्मोनचं रूपांतर यकृतात होतं आणि काम संपलेल्यांची विल्हेवाटही यकृतच लावतं. पोस्टमनच आजारी पडल्यावर पत्रांचा हिशेब चुकावा तसं होतं.

तुमचं थायरॉइडच बघा. टीएसएच ६.१ म्हणतोय थायरॉइड थोडं कमी पडतंय. टी-फोर म्हणतोय जास्त आहे. दोन्ही एकदम खरे कसे? यकृताला सूज असली की थायरॉइड हार्मोन वाहून नेणारं प्रथिन वाढतं. पॅकेजमध्ये बहुतेक वेळा एकूण टी-फोर मोजतात, म्हणजे त्या प्रथिनाला चिकटलेला आणि मोकळा असा सगळा मिळून. प्रथिन वाढलं की एकूण आकडा फुगतो, पण शरीराच्या कामाला येणारा मोकळा हार्मोन तेवढाच किंवा कमी असू शकतो. म्हणून पुढच्या वेळी फ्री टी-फोर मागा, टीएसएच पुन्हा करा आणि एकदा अँटी-टीपीओ करून घ्या. हेपॅटायटिस सी असलेल्या स्त्रियांमध्ये थायरॉइडवर हल्ला करणारी प्रतिपिंडं इतरांपेक्षा जास्त आढळतात, म्हणून ही तपासणी वाया जाणार नाही. आणि ती बायोटिनची गोळी! अनेक प्रयोगशाळांच्या हार्मोन तपासण्या ज्या पद्धतीने होतात त्यात बायोटिनचा थेट व्यत्यय येतो. टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दिसू शकतो. तुमचा टी-फोर जास्त येण्यात तिचाही हात असेल. रक्त द्यायच्या निदान दोन-तीन दिवस आधी ती बंद ठेवा आणि प्रयोगशाळेत तसं सांगा. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाहून मगच थायरॉक्सिनचा निर्णय होऊ द्या.

साखरेचा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यात धोकाही आहे आणि आशाही. हा विषाणू यकृताच्या पेशीत शिरून इन्सुलिनचा निरोप आत पोचू देत नाही. दाहातून निघणारा टीएनएफ-अल्फाही तेच करतो. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतत राहतं आणि एक दिवस कमी पडतं. म्हणूनच हेपॅटायटिस सी असलेल्यांमध्ये मधुमेह जास्त दिसतो. भारतात या विषाणूचा तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो, आणि तो तर यकृतात चरबीही साठवतो. विषाणू गेला की अनेकांची साखर सुधारते. तेव्हा ग्लिमेपिराइडचा जुना डोस जड होऊ शकतो. ही गोळी स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढते. उपचार सुरू झाल्यापासून घरी साखर तपासत राहा. दुपारी जेवायला उशीर झाला आणि हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो पाळी जाण्याचा घाम समजून पंख्याखाली जाऊन बसू नका. आधी साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि डॉक्टरांना कळवा. मेटफॉर्मिनने एकट्याने सहसा असं होत नाही, म्हणून ग्लिमेपिराइड कमी करायचं की बंद, हे उपचाराच्या आधीच बोलून ठेवा. एक लक्षात ठेवा, वजन वाढलं तर सुधारलेली साखर परत वर जाते.

व्हिटॅमिन डी १४ आहे. त्याचा एक टप्पा यकृतात होतो, पण उन्हात न जाणाऱ्या निरोगी लोकांतही हा आकडा आपल्याकडे सर्रास दिसतो. डॉक्टर आठवड्याची गोळी देतील ती ठरलेले आठवडे घ्या आणि थांबा.

इस्ट्रोजेन. तुम्ही वाचलंत ते चुकीचं नाही. इस्ट्रोजेन असतं तोवर यकृतात वण धरण्याचा वेग कमी असतो आणि पाळी गेल्यावर तो वाढतो, असं अभ्यासांतून दिसलं आहे. पण यकृत वाचवायला म्हणून इस्ट्रोजेनच्या गोळ्या देत नाहीत. अंगातून वाफा येण्याचा त्रास फार असेल तर त्याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी वेगळं बोला, यकृताचा रिपोर्ट सोबत नेऊन. मी या माहितीतून दुसराच अर्थ घेते. दीड वर्षापूर्वीपर्यंत तुमच्या यकृताला जे थोडं संरक्षण होतं ते आता नाही, म्हणून थांबायला वेळ नाही.

या विषयावर पुरुषांचीही पत्रं येतात, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. सिऱ्हॉसिस झालेल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन वाढतं, त्यामुळे एकूण टेस्टोस्टेरॉन नॉर्मल दिसूनही मोकळं कमी असू शकतं. छाती वाढणं, इच्छा कमी होणं हे त्यामुळेही होतं आणि पोटातलं पाणी कमी करायला दिलेल्या स्पायरोनोलॅक्टोननेही, तेव्हा परस्पर इंजेक्शनं न घेता डॉक्टरांना सांगावं, त्याला पर्याय आहेत.

तुमच्या चुलत सासूबाईंचा अनुभव अगदी खरा आहे. त्या काळी इंटरफेरॉनची इंजेक्शनं सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत. ताप, औदासीन्य, रक्त कमी होणं, आणि थायरॉइड बिघडणं हे त्याचे माहितीतले दुष्परिणाम होते. एवढं सोसूनही निम्म्या-अर्ध्यांनाच गुण यायचा. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुविर हे गोळीचं औषध आलं आणि चित्रच पालटलं. तिथे १२ आठवड्यांच्या कोर्सला तेव्हा ८४ हजार डॉलर पडत. २०१५ पासून भारतीय कंपन्या ते बनवू लागल्या आणि किंमत एकदम खाली आली. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन याच नावाने चौकशी करा. आधार कार्ड आणि हे सगळे रिपोर्ट न्या.

उपचार म्हणजे रोज गोळी, बहुतेकांना १२ आठवडे. सोफोसबुविरसोबत डॅक्लाटास्विर किंवा वेल्पाटास्विर. सिऱ्हॉसिस पुढे गेलेला असेल तर रिबाविरिन जोडतात किंवा मुदत वाढवतात. शंभरातले नव्वदहून जास्त रुग्ण पूर्ण बरे होतात. थायरॉइडवर इंटरफेरॉनसारखा मारा या गोळ्या करत नाहीत. सुरू करण्याआधी हेपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, कारण तो विषाणू अंगात दडून असेल तर सी जाताना बी उसळी घेऊ शकतो. चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. रोज सकाळी घेतली जाणारी ॲसिडिटीची गोळी वेल्पाटास्विर शोषू देत नाही. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिलेलं ॲमिओडॅरोन सोफोसबुविरबरोबर धोक्याचं आहे. फिट्सची काही औषधं आणि टीबीचं रिफॅम्पिसिन यांच्यासोबत या गोळ्या चालत नाहीत. एकही दिवस चुकवू नका.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए करायचा. तेव्हा विषाणू सापडला नाही तर तुम्ही बऱ्या झालात. अँटिबॉडी पुन्हा पुन्हा तपासू नका, ती पॉझिटिव्हच येणार आणि उगाच घरात रडारड होणार. एसजीपीटी सहसा उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांतच उतरतो, मागोमाग फेरिटिन. आरए फॅक्टर आणि पायावरचे ठिपके मागे रेंगाळू शकतात, कधी काही महिने. थायरॉइडमध्ये प्रतिपिंडं निघाली असतील तर ते विषाणू गेल्यावरही तसंच राहू शकतं, त्यासाठी दर वर्षी टीएसएच. फायब्रोस्कॅनमध्ये सिऱ्हॉसिस निघाला असेल तर बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो पण शून्यावर येत नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन यासाठी अडवून ठेवायची गरज नाही. डोळ्याच्या डॉक्टरांना सगळं सांगा, साखर आटोक्यात आली की करून घ्या. या आजाराचं कारण देऊन कुणी ऑपरेशन नाकारत असेल तर ते बरोबर नाही, निर्जंतुकीकरणाची काळजी प्रत्येकच रुग्णाच्या वेळी घ्यायची असते.

१९९५ साली आपल्या रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी सक्तीची नव्हती, ती या शतकाच्या सुरुवातीला झाली. विषाणू सापडलाच मुळी १९८९ मध्ये. तेव्हा घरात कुणी तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहत असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या. ताटवाटी, जेवण, मिठी, नातवंडांचे पापे यातून हा पसरत नाही. नेलकटर, टूथब्रश आणि घरातल्या कुणाचंही ब्लेड मात्र वेगळं ठेवा. साखर तपासायचं यंत्र असेल तर त्याची सुई फक्त तुमची.

यजमानांची एकदा अँटिबॉडी तपासून घ्या. पतीपत्नीत हा सहज जात नाही, पण एकदा पाहून मन मोकळं होतं. मुलीच्या जन्मानंतर तुम्हाला रक्त दिलं गेलं, म्हणजे तिला तुमच्याकडून जन्माच्या वेळी होण्याची शक्यता फार कमी. तुमच्या मुलाचा जन्म त्यानंतरचा असेल तर त्याची तपासणी व्हायलाच हवी. आईकडून बाळाला हा विषाणू शंभरातल्या साधारण पाच-सहांत जातो, आणि गेला तर अनेकदा वर्षानुवर्षं काहीच लक्षण दिसत नाही. तुमची एवढी धावपळ करणाऱ्या त्या मुलाला सांगा, तुमचा आरएनए द्यायला जाल त्याच दिवशी त्यानेही हात पुढे करावा.